बंधाऱ्यावर ऐकलेली शिट्टी

मागची चाकं ओढ्यावरच्या फरशीवरून बाहेर आली तेव्हा मिलिंदने आरशात पाहिलं. पाणी चहासारखं गढूळ झालं होतं. कडेच्या खांबावर खोलीचे आकडे रंगवले होते. त्यातला सर्वांत वरचा आकडा बुडायच्या बेतात होता.

"सुलक्षणाताई, परत जाताना इथून जमणार नाही."

"परत जायचं ठरलं की बघू. आधी पोचू दे."

सुलक्षणा वर्टीकरचं क्रॉयडनला, ट्रामच्या थांब्यासमोर, दोन खोल्यांचं तपासणीचं ऑफिस होतं. त्याआधी तिने विमा कंपनीसाठी खोटे दावे शोधण्याचं काम केलं होतं. मिलिंद गद्रेने मिल्टन कीन्समधली आयटीची नोकरी सोडली होती आणि आता तो तिची गाडी चालवायचा, फोटो काढायचा. एरवी कुणी विचारणार नाही असे साधे प्रश्न विचारणं, हेही त्याचंच काम.

सकाळी तनूचा फोन आला होता. "माझा नवरा म्हणतोय की त्याने माझ्या बाबांना मारलं. मला ते पटत नाही. पोलिस परत आले की तो सगळं कबूल करून सही करेल. प्लीज, त्याआधी या."

श्रॉपशरच्या टोकाला, वेल्सच्या हद्दीजवळ, तनूच्या बाबांनी, डॉ. चंद्रशेखर बेहेरे यांनी, हे दगडी घर आणि मागचं रान विकत घेतलं होतं. बर्मिंगहॅमला हाडांचे सर्जन म्हणून त्यांचं मोठं नाव. हिवाळ्यात सुट्टीला ते इथे यायचे आणि फेझंट पक्ष्यांची शिकार करायचे. २००६ सालच्या या डिसेंबरात, दोन दिवसांपूर्वी, अशाच शिकारीत छर्रे लागून ते स्वतःच गेले.

पोलिस आले, मृतदेह आणि सगळ्या बंदुका घेऊन गेले. घरातल्यांना त्यांनी इथेच थांबायला सांगितलं होतं. तसं सांगायची गरज नव्हती. पाऊस थांबत नव्हता, टेलिफोनची लाइन दुपारीच मेली होती, मोबाइलला रेंज नव्हती आणि आता फरशीही पाण्याखाली गेली. घरात पाच माणसं होती, त्यात या दोघांची भर पडली.

तनूने दार उघडलं. तिच्यामागे अरुंद हॉल होता. खिडक्यांवर पाण्याच्या धारा अशा ओघळत होत्या की बाहेर रान आहे की भिंत, ते कळू नये.

"दोन दिवस कुणी कुणाशी धड बोललेलं नाही," ती म्हणाली. "आणि कुणाला बाहेरही जाता येत नाही."

हॉलमधल्या टेबलावर लाकडी खोका होता. त्यात कानांच्या बचावाची सामग्री होती. फोमचे पिवळे बोळे, साधे जाड इअरमफ आणि वेगळ्या घडणीचा एक मफ, बाहेरून बारीक माइक लावलेला. शेजारी एक जास्तीची शिट्टी पडली होती.

"हा इलेक्ट्रॉनिक," तनू म्हणाली. "बार झाला की आवाज तोडतो, पण बोलणं उलट मोठं करून ऐकवतो. बाबांचा कडक नियम होता. आधी प्रत्येकाने कानांसाठी काय ते निवडायचं, मगच बंदुकीला हात लावायचा."

"त्या दिवशी कुणी काय निवडलं?"

"ते देव सांगेल, माझा नवरा. मी वर झोपले होते. मायग्रेन."

देव मागच्या खोलीत खिडकीकडे पाठ करून बसला होता. जन्म लूटनचा, मराठी घरातलंच पण तुटक. दाढी वाढलेली. सुलक्षणा समोर बसली तरी त्याने मान वर केली नाही.

"माझा चूक आहे," तो म्हणाला. "बर्ड लो होता. बाबा म्हणाले होते, लो बर्ड नाही मारायचा. मी मारला. मग झाडीत बाबाचा लाल टोपी खाली गेला."

"किती बार काढलेस?"

"वन. दुसरा काडतूस गनमध्येच होता. पोलिसने काढला."

"शिट्टी ऐकलीस?"

"नाही. बाबा रानातून बर्ड्स उडवत येणार होते. ते शिट्टी मारतील, मग फायरिंग स्टॉप. पण मला काहीच ऐकू नाही आला. कानात फोम, वर मफ."

"दोन्ही? का?"

"बाबा म्हणाले, तू नवीन आहेस, इलेक्ट्रॉनिक घे, शिट्टी ऐकू येईल. मी घेतला पण. मग हरीशकाका म्हणाले, तो जाड आहे, गनला लागेल, नेम चुकेल. तू ड्रम्स वाजवतोस, कान जप, डबल घाल. तो इलेक्ट्रॉनिक त्यांनी घेतला." देवने बोटांनी नखाएवढा आकार दाखवला. "मीच त्यांना बॅटरी घालून दिली. छोटी असते ना. त्यांनी ट्राय केला, मग म्हणाले, बॅटरी तूच घाल."

"तुझ्या शेजारी कोण होतं?"

"दीनानाथकाका. मी फायर केला आणि वळलो तेव्हा ते फ्लास्कमधून चहा ओतत होते. गन उघडी, हातावर. मी ओरडलो तरी त्यांना कळला नाही."

"आणि हरीश?"

"लांब. बंधाऱ्याजवळ. मधे हॉलीची मोठी हेज आहे, काटेरी झाडांची, दिसत नाही." त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. "तुम्ही तनूला सांगा ना, माझ्यासाठी लॉयर नको. जे झालं ते मीच केला."

बाहेर आल्यावर मिलिंद हळूच म्हणाला, "ताई, हा तर साधा अपघात दिसतोय. कान बंद केलेला नवखा मुलगा. बिचारा."

"दिसतोय खरा," सुलक्षणा म्हणाली.

डॉ. दीनानाथ करंबेळकर शेकोटीपाशी होते. चंद्रशेखरांचे तीस वर्षांचे मित्र, भूलतज्ज्ञ. दोन्ही कानांत श्रवणयंत्रं.

"माझ्याकडून तुम्हाला काही मिळणार नाही," ते मोठ्या आवाजात म्हणाले. "शिकारीला मी यंत्रं काढतो आणि बोळे घालतो. मग मी आणि दगड सारखेच."

"तुमचं आणि बेहेऱ्यांचं बोलणं बंद होतं म्हणे?"

"तनूने सांगितलं वाटतं. होतं, उन्हाळाभर. ऑपरेशन चालू असताना मॉनिटरचा अलार्म मला ऐकू आला नाही. पेशंट वाचला. शेखर बाहेर येऊन म्हणाला, 'दीना, आता थिएटर सोड. तू सांगतोस की मी सांगू?' मी भडकलो. पण सोडलं." ते विस्तवाकडे बघत राहिले. "बरोबर होतं त्याचं. पेशंटच्या बाबतीत त्याने मला सोडलं नाही, दुसऱ्या कुणाला काय सोडणार?"

"त्या दिवशी काहीच ऐकलं नाहीत?"

"ऐकलं नाही. जाणवलं. बार जवळ झाला की इथे धक्का बसतो." त्यांनी छातीवर हात ठेवला. "एक माझ्या मागून, रानातून. त्यानंतर लगेच देवचा, डावीकडून. पोलिसांना सांगितलं. तो पोरगेला ऑफिसर गोड हसला आणि त्याने लिहूनसुद्धा घेतलं नाही. बहिऱ्याची साक्ष!"

चंद्रशेखरांच्या पत्नी सुप्रभाताई बेहेरे स्वयंपाकघरात होत्या. गेले दोन दिवस त्या सतत काहीतरी शिजवत होत्या आणि कुणी जेवत नव्हतं.

"मी दार उघडं टाकून कणीक मळत होते," त्या म्हणाल्या. "शिट्टी आली. मला नवल वाटलं, आज इतक्या लवकर? रान अर्धंही संपलं नसेल. मग एक बार, आणि त्याला चिकटूनच दुसरा. पोलिस म्हणाले, दुसरा डोंगराचा प्रतिध्वनी."

"त्याआधीही सकाळभर बार होत होते ना? ते तुम्हाला दोनदोनदा ऐकू येत होते?"

सुप्रभाताईंचा हात पोळपाटावरच थांबला. "नाही. एकेकच."

"ओढ्याला तेव्हाही असंच पाणी होतं?"

"याहून जास्त. बंधाऱ्यावर तर उभं राहवत नव्हतं, इतका आवाज." मग त्यांनी स्वतःच विचारलं, "देव जेवला का हो? त्याच्यासमोर गेले की तो उठून जातो. मला त्याचा राग आलाय का, हे माझं मलाच कळत नाही."

राहिले डॉ. हरीश उकिडवे. चाळिशीतले, देखणे, चंद्रशेखरांच्या हाताखाली तयार झालेले सर्जन. सुप्रभाताईंनी ठेवलेला चहाचा मग त्यांनी दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला होता.

"सरांनी मला मुलासारखं वाढवलं," ते म्हणाले. "देवबद्दल बोलायला जड जातं. पण खोटं कसं सांगू? शिट्टी अगदी स्पष्ट वाजली. मी लगेच बंदूक उघडली, काडतुसं काढली. आणि मग देवचा बार झाला. शिट्टीनंतर."

"तुम्ही कुठे होतात?"

"माझ्या जागेवर. बंधाऱ्यापाशी."

"आणि कानांवर?"

"तो इलेक्ट्रॉनिक मफ. चालू होता. म्हणूनच तर शिट्टी ऐकू आली." त्यांनी निःश्वास टाकला. "देवकडे तो राहिला असता तर सर आज असते. पण त्याला तो जड वाटत होता."

"जड वाटत होता, असं तो म्हणाला?"

"हो. म्हणजे... तसंच काहीतरी."

"आणखी एक. सोमवारी तुम्ही आणि बेहेरे एकत्र कुठे जाणार होतात का?"

हातातला मग किंचित हलला, चहा ओंजळीवर सांडला. "नाही. का?"

"सहज," सुलक्षणा म्हणाली.

पाऊस जरा ओसरल्यावर ती मिलिंदला घेऊन बंधाऱ्यावर गेली. दगडी भिंतीवरून पाणी अखंड खाली कोसळत होतं. तिने इलेक्ट्रॉनिक मफ मिलिंदच्या कानांवर चढवला, बटण चालू केलं आणि रानाच्या कडेला, जिथे बेहेरे पडले होते तिथे, जाऊन शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली. परत आली तेव्हा मिलिंद तोंड वाकडं करून उभा होता.

"काढा हो हे! डोक्यात पाणी भरल्यासारखं वाटतंय. सगळा बंधारा कानात येतो."

"आणि बटण बंद करून?"

त्यांनी तेही करून पाहिलं. गर्जना कमी झाली, पण शिट्टी नाहीच. जाड मफ बारीक आवाज तर आधी गिळून टाकतो.

मिलिंदचा चेहरा उतरला. "ताई, म्हणजे त्याने... आणि आपण रात्रभर त्याच्याबरोबर याच घरात?"

"पाणी उतरेपर्यंत. म्हणून आता पटकन एक काम कर. आणि ते कुणाला सांगू नकोस."

घरी येऊन तिने सगळ्यांना बाहेर बोलावलं. "पोलिस आले की शिट्टीचा मुद्दा निघणारच," ती म्हणाली. "डॉ. उकिडव्यांनी ती ऐकली, ही सर्वांत महत्त्वाची साक्ष आहे. ती आपण पक्की करून घेऊ."

हरीशनी सगळ्यांकडे पाहिलं. मागे घर, पुढे पाणी, दोन्ही बाजूंना माणसं. नाही म्हणायला जागाच नव्हती.

ते आपल्या जागेवर पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. मफ कानांवर, बटण चालू. मिलिंद रानात गेला. सुलक्षणाने खुणेने सांगितलं: शिट्टी ऐकू आली की हात वर करा.

सगळे थंडीत आखडून उभे होते. पाण्यापुढे कुणाला काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने हरीशचा हात वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला.

सुलक्षणाने जाऊन त्यांच्या डोक्यावरचा मफ स्वतः काढला. "दोनदा?"

"दोनदा. स्पष्ट."

तिने कोटाच्या खिशातून शिट्टी काढून तळहातावर ठेवली. "शिट्टी इथे आहे. मिलिंद नुसता उभा आहे."

मग देवने अर्धवट काहीतरी उच्चारलं आणि तनूने त्याचा दंड घट्ट धरला.

"भास होतो माणसाला," हरीश म्हणाले. "दोन दिवस झोप नाही..."

"होतो. म्हणून मी एवढ्यावर थांबणार नाही. आत चला."

स्वयंपाकघराच्या मोठ्या टेबलाभोवती सगळे बसले. मिलिंद दारात उभा राहिला. सुलक्षणा बसली नाही.

"सुप्रभाताईंनी शिट्टीनंतर दोन बार ऐकले. पोलिसांनी एक प्रतिध्वनी ठरवला. पण सकाळभराच्या एकाही बाराला प्रतिध्वनी नव्हता. म्हणजे दोन बंदुका उडाल्या. देवच्या बंदुकीतलं दुसरं काडतूस तसंच सापडलं, म्हणजे त्यातला एकच बार त्याचा. दुसरा कुणाचा? डॉ. करंबेळकर चहा ओतत होते, बंदूक उघडी होती. हे देवने पाहिलंय."

"आणि मला धक्का मागून बसला होता," दीनानाथ म्हणाले. "रानातून."

"देवच्या आधी. तुमचे कान बंद होते, छाती नव्हे. उरलं एकच माणूस, बंधाऱ्यावरचं. त्यांच्या जागेवरून शिट्टी ऐकूच येत नाही, हे आत्ता सगळ्यांनी पाहिलं. तरी शिट्टी आधी आणि बार नंतर, हे त्यांना पक्कं माहीत आहे. कारण ती वाजली तेव्हा ते बंधाऱ्यावर नव्हते. रानात होते. आणि देवला पुरतं अडकवायचं तर त्याने शिट्टीचा नियम मोडून बार काढला, हे कुणीतरी सांगणं भागच होतं."

"ताई, पण देवला ऐकू येणार नाही, हे त्यांना कसं माहीत?" मिलिंदने विचारलं.

"त्यांनीच तशी सोय केली. बेहेऱ्यांनी नवख्या मुलासाठी योग्य तोच मफ निवडला होता. यांनी तो काढून घेतला आणि त्याचे कान दुहेरी बंद केले. शेजारी दुसरा बार उडाला तरी देवला कळलं नसतं. शिकारीत नवखा माणूस एखादा बार खाली काढणारच, हे गृहीत होतं. देवने नेमका त्याच क्षणी काढला. मग कुणी आरोप करायचीही गरज उरली नाही. त्याने स्वतःच स्वतःवर घेतला."

देव टेबलाकडे बघत होता. "माझा छर्रा... लागला नाही?"

"पोस्टमॉर्टेममध्ये छर्रे कोणत्या बाजूने लागले ते कळेल. मला विचारशील तर, नाही."

"आणि मी हे का करीन?" हरीशचा आवाज चढला. "माझ्या गुरूला?"

"तुमच्या हातांमुळे." सुलक्षणाचा आवाज खालीच होता. "हाडं जोडणाऱ्या सर्जनला मफमधली चिमुकली बॅटरी घालता येत नाही. देवला घालावी लागते. चहाचा मग ओंजळीत धरावा लागतो. बेहेऱ्यांच्या ते लक्षात आलं नसेल? डॉ. करंबेळकर, तुम्हाला ते काय म्हणाले होते?"

"'तू सांगतोस की मी सांगू?'" दीनानाथ पुटपुटले.

"सुट्टीनंतरचा कामाचा पहिला दिवस म्हणून सोमवारचं मी अंदाजाने विचारलं. चहा सांडला."

हरीश उठले. दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मागच्या अंगणात ओढ्याचं पाणी शिरलं होतं. ते पुन्हा बसले. आता त्यांनी हात लपवले नाहीत. दोन्ही हात टेबलावर थरथरत होते.

"दीड वर्ष," ते म्हणाले. "आधी वाटलं, थकवा. मग औषधं घेऊन ऑपरेशन्स केली. एका बाईचा पाय गेला. सरांनी ओळखलं. म्हणाले, सोमवारी मेडिकल कौन्सिलला तू स्वतः सांग, मी बरोबर येतो. बरोबर येतो म्हणाले! मी दुसरं काय करू शकतो, सांगा ना मला? मला दुसरं काहीच येत नाही. सगळीकडून दारं बंद झाल्यासारखं..."

"एक गोष्ट राहिली," सुलक्षणा म्हणाली. "शिट्टी शिकार संपल्यावर वाजायची. त्या दिवशी ती अर्ध्यातच वाजली. का?"

हरीशनी डोळे मिटून घेतले.

"तुम्हीच सांगा. नाहीतर मी सांगते."

"मी झाडीतून येताना त्यांना दिसलो," ते म्हणाले. "देवच्या बंदुकीच्या रेषेत. त्यांना वाटलं, मी चुकून आत आलोय. मला लागेल म्हणून त्यांनी शिट्टी वाजवली. वाजवत होते आणि हाताने मला खाली बस, खाली बस म्हणत होते."

सुप्रभाताई उठल्या. त्या हरीशपाशी जातील, काही बोलतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि मग खुर्चीची पाठ धरून हलकेच खाली बसल्या. तनू रडत होती. दीनानाथांनी श्रवणयंत्रं काढून खिशात टाकली.

रात्रभर मिलिंद आणि दीनानाथ हरीशच्या खोलीबाहेर आळीपाळीने बसले. हरीश पळाले नाहीत. पळणार तरी कुठे?

सकाळी पाणी उतरलं आणि पोलिसांची लँड रोव्हर चिखल उडवत आली. सुलक्षणाने ऑफिसरला बाजूला घेऊन सगळं सांगितलं, मफ हातात दिला आणि बंधाऱ्यावर नेऊन त्याच्याच कानांवर चढवला. या वेळी त्याने सगळं लिहून घेतलं. हरीश गाडीत बसताना कुणाकडेही बघू शकले नाहीत.

देव दारातच थांबला होता. आत यावं की बाहेर जावं, हे त्याला कळत नसल्यासारखा.

सुप्रभाताई त्याच्याजवळ गेल्या. या वेळी तो सरकला नाही.

"पोलिस म्हणतात, आठवड्याभरात यांना आपल्या ताब्यात देतील," त्या म्हणाल्या. "बर्मिंगहॅमच्या क्रेमेटोरियममध्ये शेवटचं बटण घरच्या माणसाने दाबायचं असतं. तनूच्या बरोबर तू उभा राहशील ना?"

देवचे ओठ हलले. "मी? आई, मला... चालेल?"

"तूच हवा आहेस," सुप्रभाताई म्हणाल्या आणि त्याचा हात धरून त्याला घरात घेऊन गेल्या.